कंपोस्टच्या बादलीतून निघालेल्या अळ्या आणि खालच्या मजल्यावरच्या काकू

कढीपत्ता (कोपरखैरणे) | २ जुलै, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं इथे वाचनमात्र आहे. पहिलाच धागा काढतेय आणि तो अळ्यांवर. इलाज नाही.

आम्ही सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो, घरात चार माणसं. गेल्या दिवाळीनंतर मी घरच्या घरी खत करायला लागले. विकतचं काही आणलं नाही. रंगाऱ्याने सोडून दिलेल्या २० लिटरच्या दोन बादल्या होत्या, त्यांना तापवलेल्या खिळ्याने भोकं पाडली, खाली विटा ठेवल्या, वर झाकण. रोजचा ओला कचरा, त्यावर मूठभर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), आठवड्यातून एकदा आंबट ताकाचा शिपका आणि जुन्या उलथन्याने ढवळणं. एक भरली की ती बाजूला ठेवून दुसरी सुरू. मार्चपर्यंत दोनदा चाळून खत काढलं. कढीपत्ता असा तरारला की शेजारीपाजारी न विचारता तोडून न्यायला लागले. आयडी त्यावरूनच.

मग मे आला. आंबे, फणस, कलिंगडं. त्यात नणंद मुलांना घेऊन आली, म्हणजे घरात सात जण. बादली दहा दिवसांत भरायला लागली. कोकोपीट संपलं, आणायचं राहिलं. म्हटलं, चालतंय. पाऊस धरला आणि बादलीला वास सुटला. आधी आंबूस, मग कुणीतरी फणसाची दारू गाळतंय असा, मग सरळ नाल्याचा. खालच्या भोकांतून तपकिरी पाणी ठिबकायला लागलं.

परवा सकाळी बेल वाजली. दारात खालच्या काकू. हातात वर्तमानपत्राचा तुकडा आणि त्यावर तीन अळ्या.

"हे तुमचंच ना?"

नाही कुठल्या तोंडाने म्हणू? त्यांच्या ग्रिलमध्ये कपडे वाळत होते, एक अळी उशीच्या अभ्र्यावर सापडली. त्या दिवशी त्यांची एकादशी होती, हे त्यांनी दोनदा सांगितलं. रात्री टॉर्च घेऊन पाहिलं तर अळ्या बादलीच्या आतून वर चढून, झाकणाच्या फटीतून बाहेर येऊन, कठड्यावरून एकीमागे एक निघाल्या होत्या.

काल खालच्या फळ्यावर सूचना लागली: बाल्कनीत दुर्गंधी येणाऱ्या वस्तू ठेवू नयेत. नाव कुणाचंच नाही. नवरा म्हणतो, सोड हे सगळं. मला सोडायचं नाहीये. तर, अळ्या कसल्या आहेत? वास कसा घालवू? पावसात कोरडं काय घालू? आणि काकूंचं काय करू?

तळमजला (ऐरोली) | ३ जुलै, सकाळी ७:१०

अळ्या पांढऱ्या की तपकिरी? गोल की चपट्या? शब्दांत सांगा, फोटो नको. चहा घेतोय.

कढीपत्ता | ३ जुलै, सकाळी ७:५२

बाहेर निघालेल्या तपकिरी, चपट्या, बोटाच्या पेराहून जरा लहान. अंगावर कडी-कडी आहेत. चिमट्यात धरल्यावर कातडी चामड्यासारखी टणक लागते. बादलीतल्या बऱ्याच मळकट पांढऱ्या आहेत, त्या आकाराने लहान.

उपवनकर (ठाणे) | ३ जुलै, सकाळी ९:३०

कढीपत्ताताई, आधी शांत व्हा. या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या आहेत. माशी काळी, लांबट, दिसायला गांधीलमाशीसारखी, पण ना चावत ना डंख मारत. घरमाशीसारखी अन्नावर घोंघावतही नाही. अंडी घालायला जागा शोधते आणि काम झालं की संपते. अळ्या विषारी नाहीत. कचरा फस्त करण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. परदेशात आणि आता आपल्याकडेही त्या मुद्दाम पाळतात, कोंबड्यांच्या आणि माशांच्या खाद्यासाठी. घरमाशीच्या अळ्या वेगळ्या: दुधाळ, मऊ, एका टोकाला निमुळत्या. त्या दिसल्या तर काळजी करा.

आता त्या काकूंकडे का गेल्या? अळी पोटभर खाऊन वाढली की तपकिरी होते, खाणं सोडते आणि कोष करायला ओल्यातून निघून कोरडी, अंधारी जागा शोधते. ओल्या पृष्ठभागावर ती सरळ वर चढू शकते. तुमच्या बादलीची आतली बाजू ओलीगच्च, म्हणजे तिला जिनाच मिळाला. झाकणाला फट होती. राहिला काकूंचा अभ्रा, तो कोरडा होता.

तेव्हा अळ्यांवर औषधबिवध मारू नका. दोन कामं करा. झाकणाखाली जुन्या सुती परकराचं कापड ताणून नाडीने घट्ट बांधा. हवा खेळते, अळी अडकते. आणि बादलीखाली एक पसरट परात ठेवून तिच्यात दोन बोटं भुसा पसरा. ज्या खालून निसटतील त्या भुश्यातच थांबतील. सकाळी त्या उचलून गॅलरीच्या कठड्यावर ठेवा. माझ्याकडे एक दयाळ पक्षी साडेसहाच्या ठोक्याला हजर असतो.

पण अळ्या हे लक्षण आहे. दुखणं वेगळंच आहे. तुमची बादली ओली आहे.

खत करणाऱ्या जीवाणूंना कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) साधारण २५ ते ३० ला १ अशा प्रमाणात लागतात. भाजीची देठं, साली, चहाचा चोथा यांत नत्र भरपूर. सुका पाला, पुठ्ठा, लाकडाचा भुसा यांत कर्ब. शिवाय स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचं तीन चतुर्थांश वजन नुसतं पाणीच असतं. आंबा-फणसाच्या दिवसांत त्यावर साखरही आली. मूठभर कोकोपीट हिवाळ्यात पुरलं, कारण तेव्हा हवा कोरडी होती आणि जास्तीचं पाणी आपसूक उडून जात होतं. जुलैत आपल्याकडे टॉवेल दोन दिवस वाळत नाही, बादली कुठून वाळणार? पाणी साचलं की फटींमधली हवा जाते आणि हवेविना जगणारे जीवाणू कारभार हाती घेतात. नाल्याचा वास तो त्यांचा. डोळ्यांना झोंबणारा, केस रंगवायच्या डब्यासारखा वास आला असता तर तो अमोनिया, म्हणजे नत्र जास्त. सडक्या अंड्यासारखा आला तर हवा कमी. नाकाला एवढं कळलं तरी पुरे.

परीक्षा सोपी आहे. हातमोजा घालून मूठभर माल घ्या आणि आवळा. एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक. धार लागली तर सुकं घाला. पावसाळ्यात एक वाटी ओल्याला दोन वाट्या सुकं, डोळे मिटून.

मीठभाकर (खारघर) | ३ जुलै, सकाळी ११:०५

मला खरंच कळत नाही, हा उपद्व्याप कशासाठी? ओल्या कचऱ्याची गाडी रोज येते, तिला डबा द्या, विषय संपला. एका घराने बादलीत खत केल्याने शहराचं काय होणार? आणि त्यासाठी शेजारधर्म पणाला? उद्या मी गॅलरीत कोंबड्या पाळल्या तर "पर्यावरण" म्हणून खालच्यांनी पिसं सहन करायची का?

तळमजला | ३ जुलै, सकाळी ११:२०

मीठभाकर यांना अनुमोदन. अर्धंच.

मी तळमजल्यावर राहतो. वरच्या चार मजल्यांवरून जे जे येतं ते आधी माझ्या तुळशीवर येतं: कुंड्यांचं पाणी, केसांची गुंतवळ, शेवग्याच्या चघळलेल्या शेंगा, एकदा कवळी. (कवळी परत केली.) त्यामुळे काकूंची बाजू मला आतून कळते. कढीपत्ताताई, खरं सांगतो, खतामागचं शास्त्र काकूंना समजावायला जाऊ नका. अभ्र्यावर अळी सापडलेल्या माणसाला "त्या उपयुक्त असतात" हे ऐकवणं म्हणजे भांडणाचं आमंत्रण. आधी माफी, मग त्यांचे अभ्रे धुऊन द्या, मग बादलीचा बंदोबस्त, आणि तो झाल्यावर त्यांना बोलावून दाखवा.

दुसरं. बादल्या नेमक्या कुठे आहेत? गॅलरीच्या लादीवर, की बाहेर काढलेल्या ग्रिलमध्ये?

कढीपत्ता | ३ जुलै, दुपारी १:१५

ग्रिलमध्ये. कुंड्या पण तिथेच. 😬

तळमजला | ३ जुलै, दुपारी १:३१

आधी त्या आत घ्या. आजच. खत नंतर.

ओली माती लिटरला दीड किलोच्या वरच भरते. ओल्या कचऱ्याने भरलेली २० लिटरची बादली वीसेक किलो धरा, दोन बादल्या आणि आठेक कुंड्या धरल्या तर दोन माणसं त्या ग्रिलमध्ये कायम उभी आहेत. खाडीजवळची खारी हवा, लोखंड आतून कुजतं आणि वरून रंग लावलेला असतो. बोल्ट भिंतीत किती उरलाय हे कुणी बघितलंय? आमच्याकडे एकदा ग्रिल एका बाजूने सुटली होती. रात्रीची वेळ म्हणून खाली कुणी नव्हतं.

कढीपत्ता | ३ जुलै, रात्री १०:०२

घेतल्या आत. नवऱ्याने एक अक्षर न बोलता उचलल्या, जे जास्त लागलं. बोल्ट पाहिला, तांबडी पापुद्री निघते आहे. उद्या फॅब्रिकेटरला बोलावलंय.

उपवनकर | ४ जुलै, सकाळी ८:४५

@मीठभाकर, प्रश्न रास्त आहे. एका बादलीने शहर बदलत नाही, मान्य. पण गाडीला दिलेल्या १० किलो ओल्या कचऱ्यात सात-आठ किलो पाणी असतं. आपण डिझेल जाळून पाणी कचरा डेपोपर्यंत वाहून नेतो. तिथे ढिगाखाली तो हवेविना सडला की मिथेन होतो, आणि उन्हाळ्यात डेपोंना आगी लागतात त्यामागे तेही एक कारण असतं. २०१६ च्या घनकचरा नियमांत तर ५,००० चौरस मीटरहून मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असं सरळ म्हटलं होतं. ताईंची बिल्डिंग त्यात बसली नसेल, खारघरचे मोठे टॉवर बसत होते. तुमच्या सोसायटीत काय चालतं ते सांगा.

मीठभाकर | ४ जुलै, सकाळी ९:१२

आमच्याकडे खताचं मशीन आहे. बंद आहे. पुढे विचारू नका.

घणसोलीकर | ४ जुलै, दुपारी १२:३०

पावसात सुकं कुठून आणायचं, या मुद्द्याकडे कुणी वळतच नाहीये, म्हणून लिहितो. बारा वर्षं करतोय.

पुठ्ठा. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंची खोकी आपल्याकडे रोज येतात. चिकटपट्टी आणि चकचकीत छापील भाग काढा, बाकीचा पाण्यात न भिजवता बोटभर तुकडे करा. अंड्यांचे ट्रे त्याहून सरस, कारण ते पोकळ राहतात आणि मालात हवा धरून ठेवतात. कोपऱ्यावरचा अंडेवाला फाटके ट्रे फुकट देतो, फक्त सकाळी सकाळी मागू नका, त्याची बोहनी व्हायची असते.

लाकडाचा भुसा सुताराकडून घेताना बघून घ्या. प्लायवूड आणि एमडीएफ कापलेला पिठासारखा भुसा नको, त्यात डिंक आणि रसायनं असतात. वखारीतला, खऱ्या लाकडाचा, रंध्याखालून निघालेल्या कुरळ्या सालपट्यांचा घ्या.

सुका पाला मात्र पावसात शोधायचाच नसतो. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये भरून ठेवायचा. आपल्या नवी मुंबईत सेक्टरा-सेक्टरात पर्जन्यवृक्ष आणि देशी बदाम आहेत. बदामाची पानं जाड, ती चुरून घ्यावी लागतात. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं तशीच चालतात. झाडणाऱ्या मावशींना आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर पोतं भरून बाजूला ठेवतात. तेवढाच पाला जाळायचा वाचतो. माझ्याकडे दरवर्षी पाच पोती पलंगाखाली असतात. बायको म्हणते, लोक पलंगाखाली सोनं ठेवतात.

आणि ताई, मे महिन्यात आंबे खाल्लेत म्हणता. पेट्या आणल्या होत्या की सुटे?

कढीपत्ता | ४ जुलै, दुपारी १२:४८

पेट्या. तीन. वाशीच्या मार्केटमधून.

घणसोलीकर | ४ जुलै, दुपारी १२:५५

मग पेटीतल्या पेंढ्याचं काय केलंत?

कढीपत्ता | ४ जुलै, दुपारी १:०४

पेट्यांसकट भंगारवाल्याला. 🤦

घणसोलीकर | ४ जुलै, दुपारी १:०७

आंब्याच्या सालीला लागणारं सुकं आंब्याच्या पेटीतच येतं हो. कोकणातून खास पाठवतात.

रिठा (नौपाडा, ठाणे) | ४ जुलै, दुपारी ४:२०

वाचनखूण साठवली! थोडं अवांतर. फळांची सालं खूप होत असतील तर सगळी खतात न घालता बायो-एन्झाइम करा. १ भाग गूळ, ३ भाग साली, १० भाग पाणी. लिंबू, मोसंबी, संत्र्याच्या साली उत्तम, अननसाचीही चालते. प्लास्टिकच्या बाटलीत तीन चतुर्थांशच भरायचं, पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू सोडायचा, तीन महिन्यांनी गाळायचं. मी लादी पुसायला आणि बेसिनला तेच वापरते. कपड्यांना रिठा: बिया काढून रात्रभर भिजवायचे, सकाळी उकळून कुस्करून गाळायचे. फेस पाहून धुणंवाल्या बाईसुद्धा चक्रावल्या. मात्र पावसाळ्यात ते पाणी फ्रिजबाहेर दोन दिवसांत आंबतं, बेताने करा.

आणि काचेची बरणी वापरू नका. मी पहिल्यांदा वापरली होती, मग चार दिवस माहेरी गेले. परत आले तर स्वयंपाकघराच्या छतावर मोसंबी.

वडाची_साल | ४ जुलै, दुपारी ४:४१

+१. आणि नळावरचे पांढरे डाग, चोंदलेलं सिंक, यांना खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र. फसफसून सगळं साफ! बाजारातलं एकही क्लीनर मी तीन वर्षांत घेतलं नाही.

प्रयोगवही (ठाणे) | ४ जुलै, संध्याकाळी ६:१५

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या प्रयोगशाळांत तीस वर्षं काढली, त्यामुळे राहवत नाही. माफ करा.

सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोन्ही एकत्र ओतले की एकमेकांना मारतात. जो फेस दिसतो तो कार्बन डायऑक्साइड, मागे उरतं सोडियम ॲसिटेट नावाचं निरुपद्रवी मीठ आणि पाणी. म्हणजे दोन चांगल्या वस्तूंची किंमत मोजून तुम्ही खारट पाणी तयार केलंत. नळावरचे पांढरे डाग क्षारांचे, त्यांना नुसतं व्हिनेगर किंवा लिंबू लावून अर्धा तास ठेवा. तेलकट ओट्याला नुसता सोडा, ओल्या फडक्यावर. दोघांना भेटू देऊ नका.

बायो-एन्झाइम हे नाव भारदस्त आहे, पण त्यात मुख्यतः असतं आंबवणातून तयार झालेलं आम्ल आणि थोडा अल्कोहोल. साफ करतं, नाही असं नाही. पण ते आम्ल आहे हे विसरू नका. संगमरवरावर आणि शहाबादी फरशीवर वापरलंत तर चकाकी जाईल, दोन्ही चुन्याचे दगड. ग्रॅनाइटला चालेल. आणि कुठल्याही परिस्थितीत ब्लीचिंगच्या द्रवात मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो खेळ नाही.

रिठा उत्तम. त्यात सॅपोनिन हे साबणासारखं द्रव्य असतं, फेस खरा असतो.

वडाची_साल | ४ जुलै, संध्याकाळी ६:३२

म्हणजे तीन वर्षं माझं सिंक नुसत्या घासण्यानेच साफ होत होतं?

प्रयोगवही | ४ जुलै, संध्याकाळी ६:४०

आणि गरम पाण्याने. पण हो, श्रेय तुमच्या हातांनाच आहे.

तळमजला | ४ जुलै, संध्याकाळी ७:००

धागा भलतीकडे भरकटण्याआधी परत बादलीकडे वळू या. ताई, काय झालं?

कढीपत्ता | ९ जुलै, रात्री १०:१५

सविस्तर सांगते.

आधी काकूंकडे गेले. शास्त्र बोलायचं नाही हे ठरवून गेले होते. माफी मागितली, चार अभ्रे आणि एक चादर घेऊन आले, धुऊन, इस्त्री करून परत दिली. "ठीक आहे," म्हणाल्या. चहा विचारला नाही.

रविवारी सगळे झोपल्यावर बाथरूममध्ये जुनं फ्लेक्स पसरून दोन्ही बादल्या उपड्या केल्या. वर्णन टाळते. तळाशी चार बोटं नुसता काळा चिखल होता, त्यात आंब्याच्या कोयी जशाच्या तशा. कोयी काढल्या. मूठ आवळून पाहिली, धार लागली. अंड्यांचे नऊ ट्रे, दोन मोठी खोकी आणि वखारीतून आणलेला एक पिशवी भुसा मिसळला. घरात ओला-सुका मिळून तीन बादल्या झाल्या, म्हणून तिसरी बादली आणली, ती दुरुस्तीला आलेल्या फॅब्रिकेटरच्याच माणसाकडून. वरच्या अर्ध्या भागात सगळीकडून नवीन भोकं पाडली. पूर्वी मी फक्त तळाला पाडली होती, त्यामुळे खाली पाणी जायचं, पण हवा कुठूनच यायची नाही. तोंडाला परकराचं कापड, खाली भुश्याची परात.

पहिल्या रात्री परातीत एकोणीस अळ्या. दुसऱ्या रात्री सात. काल एक. वास चौथ्या दिवशी ओसरला. पाचव्या दिवशी सकाळी नवरा गॅलरीत चहा घेऊन बसला. गेल्या महिनाभरात पहिल्यांदा.

दयाळ आला नाही. साळुंक्या आल्या, आणि एक कावळा, ज्याने परातच उलटी केली.

घणसोलीकर | १० जुलै, सकाळी ७:४०

झकास. आता दोन गोष्टी राहिल्या. आंब्याच्या कोयी, नारळाच्या करवंट्या, मक्याची कणसं बादलीत घालायची नाहीत, वर्ष गेलं तरी कुजत नाहीत. कोळंबीच्या साली आणि मासळीची खवलं झाडांना छान, पण पावसाळ्यात नको. मांजर, उंदीर आणि काकू तिघेही येतील.

रिठा | १० जुलै, सकाळी ८:०५

आणि परातीत, कुंड्यांच्या बशांत पाणी साचू देऊ नका! डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक दिवस ठरवून सगळ्या बशा उपड्या करायच्या आणि घासायच्या, अंडी कडेला चिकटलेली असतात. तपासणीला येणारे महापालिकेचे लोक आधी कुंड्यांच्या बशाच बघतात.

उपवनकर | १० जुलै, सकाळी ९:२०

कापड दर पंधरवड्याला बदला, बुरशी धरतं. आणि ते तपकिरी पाणी फेकू नका, एकाला दहा पाणी घालून कुंड्यांना द्या. मात्र नाल्याचा वास येत असतानाचं पाणी देऊ नका, त्याने मुळं भाजतात. चांगल्या बादलीतलं द्या.

कढीपत्ता | २७ जुलै, रात्री ९:५०

काकू आल्या होत्या. आपणहून.

फळ्यावरची सूचना अजून आहे, पण त्याखाली आता लिफ्टच्या दुरुस्तीची सूचना लागलीय आणि सगळं भांडण तिकडे वळलंय. काकू आत आल्या, सरळ गॅलरीत गेल्या, वाकून बादलीचा वास घेतला. कापड उचलून बघितलं. मी श्वास रोखून उभी. मग म्हणाल्या, "यावर राख नाही टाकत?"

त्यांचं माहेर संगमेश्वराकडचं. घरामागे उकिरडा, रोजचं शेण आणि केर टाकला की वर चुलीतल्या राखेची एक टोपली. कोरडं राहतं आणि माशा बसत नाहीत, म्हणाल्या. आमच्याकडे गॅस, राख कुठली? तर म्हणाल्या, "मग जुनं खत दाब वरून, दोन बोटं." आता रोज ओला कचरा घातला की त्यावर चाळणीवर उरलेलं जाडंभरडं खत घालते. या एका गोष्टीने चिलटं जवळपास गेली. बारा वर्षंवाल्या घणसोलीकरांनी हे सांगितलं नव्हतं, नोंद घ्यावी. 😄

पण त्यांनी एक अट घातली. आता श्रावण येतोय, देव्हाऱ्यातली फुलं वाढणार. मी म्हटलं, तुमचं निर्माल्यही द्या, मी घालते. त्यांचा चेहराच बदलला. खरकट्याच्या बादलीत देवाची फुलं? अळ्यांना? मला आधी हसू आलं, मग वाटलं, आपली आजीही हेच म्हणाली असती. शेवटी ती तिसरी बादली फक्त निर्माल्याची केली. त्यांच्या आणि आमच्या घरची फुलं, दूर्वा, बेल, तुळस. हाराचे दोरे आणि जरी काढून. त्यात ताक नाही, खरकटं नाही. त्याचं जे खत होईल ते दोन्ही घरच्या तुळशीला आणि जास्वंदीला, बाकी कुठे नाही. आणि ओल्या कचऱ्याच्या दोन बादल्या गॅलरीच्या पलीकडच्या कोपऱ्यात सरकवल्या, त्यांच्या ग्रिलवर येणार नाहीत अशा.

तळमजला | २७ जुलै, रात्री १०:०५

चहा विचारला का?

कढीपत्ता | २७ जुलै, रात्री १०:११

आमच्या घरी आल्या होत्या, मीच दिला. साखर कमी आहे म्हणाल्या.

प्रयोगवही | २८ जुलै, सकाळी ८:३०

काकूंची राख शास्त्राला धरून आहे. राख अल्कधर्मी, त्यामुळे आंबलेला माल सावरतो, आणि ओल शोषते. फार घालू नये इतकंच, नाहीतर नत्र अमोनिया होऊन उडून जातो. फक्त फुलांच्या बादलीला वेळ जास्त लागेल, झेंडूच्या पाकळ्या सुट्या करून घाला, अख्खं फूल आत कोरडं राहतं.

मीठभाकर | २८ जुलै, दुपारी १२:१५

आमच्या बंद मशीनचं काय करता येईल, यावर वेगळा धागा काढू का? विचारतोय फक्त.

घणसोलीकर | २८ जुलै, दुपारी १२:२२

काढा. आणि मशीन बंद का आहे हे आधी शोधा. बहुतेक ठिकाणी कचऱ्यातून गेलेला चमचा किंवा शहाळं अडकलेलं असतं.

कढीपत्ता | ३ ऑगस्ट, संध्याकाळी ७:३०

शेवटचा प्रश्न, मग धागा वर आणणार नाही. काकूंना कढीपत्त्याची दोन रोपं हवी आहेत. झाडाला काळी फळं धरली आहेत आणि बुंध्याशेजारी कुंडीतच तीन फुटवेही आलेत. बी लावू की फुटवा काढू?

घणसोलीकर | ३ ऑगस्ट, रात्री ८:१०

फुटवा. मुळापासून आलेला असतो, मूळ आपसूक मिळतं. भर पावसाचा दिवस बघून माती बाजूला सारा, फुटव्याला स्वतःची बारीक मुळं आहेत ना बघा, मग थोरल्या मुळापासून धारदार सुरीने कापा आणि लगेच लहान कुंडीत लावा. वरची अर्धी पानं काढून टाका. पंधरा दिवस सावलीत.

बी लावायचंच असेल तर फळ अगदी काळं झाल्यावर, गर धुऊन, त्याच दिवशी. वाळवून ठेवलेलं बी उगवत नाही. आणि काकूंना सांगा, पहिलं वर्ष एकही पान तोडायचं नाही.

कढीपत्ता | ३ ऑगस्ट, रात्री ८:२४

ते तुम्हीच सांगा त्यांना.